आधी माझं म्हणणं मांड

मामांनी आयुष्यभर तुरुंगात नोकरी केली आणि दर रविवारी सकाळी बहिणीच्या घरी जाऊन भाऊजींशी वाद घातला. या दोन कामांपैकी दुसरं जास्त जिकिरीचं, असं ते स्वतःच सांगायचे. तुरुंगात निदान समोरचा माणूस गप्प तरी बसायचा.

वाद एकच. माणूस मुळात चांगला की वाईट? भाऊजी म्हणजे सर. शिक्षक होऊ घातलेल्या पोरापोरींना शिकवायचं कसं हे शिकवणारे. घरीदारी सगळे त्यांना सरच म्हणायचे, ताईसुद्धा रागावली की ‘अहो सर’ म्हणूनच सुरुवात करायची. सरांचं मत असं, की मूल जन्माला येतं तेच चांगुलपण घेऊन, शिक्षणानं फक्त त्याच्या वाटेतले दगडधोंडे उचलायचे. मामांचं मत असं, की माणूस जन्मतःच लबाड, शिक्षण हे कुंपण, आणि कुंपण पडलं की गुरं शेतात शिरलीच म्हणून समजा.

सरांनी म्हणावं, “पाळण्यातलं एक पोर रडलं की शेजारचंही रडायला लागतं. त्याला कुणी शिकवलं?” मामांनी म्हणावं, “त्या दोघांच्या मध्ये एकच खुळखुळा टाका, मग बघा काय होतं ते.” सरांनी म्हणावं, “अनोळखी माणसानं माझी विसरलेली छत्री घरी आणून दिली.” मामांनी म्हणावं, “मोडकी असेल.” असं चालायचं. आता यातून काय निष्पन्न होणार होतं ते देवालाच ठाऊक, पण दोघंही रविवारची वाट बघायचे हे मात्र खरं.

या वादाला सरांनी एक नियम घातला होता आणि तो मोडायची कुणाला मुभा नव्हती. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडानं मांडायचं, आणि तेही असं, की त्यानं मान हलवून ‘बरोबर, हेच म्हणतोय मी’ म्हटलं पाहिजे. मगच आपलं तोंड उघडायचं. सुरुवातीला मामांना याचा असा काही वैताग यायचा! नवीन नवीन नोकरी, अंगात रग, आणि इथे हा माणूस डोळे मिटून म्हणतोय, “नाही, हे माझं म्हणणं नाही. परत मांड.” मामा चार चार वेळा मांडायचे, चडफडायचे, एकदा तर चपला घालून जिन्यापर्यंत गेले. पण परत आले. होता होता अशी गत झाली, की सरांची बाजू मामांना स्वतःच्या बाजूपेक्षा चांगली पाठ झाली.

ताईचं या सगळ्यावर एकच मत होतं. “माणूस मुळात चांगला असो नाहीतर वाईट असो,” ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “कप आपापले विसळून ठेवा म्हणजे झालं.” यावर मात्र दोघांचंही एकमत होऊन दोघंही मुकाट्यानं उठायचे.

मग एका सकाळी दाढी करता करता सर न्हाणीघरात कोसळले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. दवाखान्यातून जीव वाचवून आणलं खरं, पण उजवा हात निकामी झाला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं तर नजर ओळीवरून सरकायची, पण तोंड उघडलं की बाहेर यायचा तो नुसता एक घोगरा आवाज. स्वतःचाच तो आवाज ऐकून सर असे दचकायचे की बघणाऱ्याला भडभडून यावं.

बोलायला शिकवायला एक मुलगी घरी यायची. दवाखान्यातल्याच खात्यातली, थेरपिस्ट. चुणचुणीत, हसरी, आणि कामात एकदम कडक. तिच्या पिशवीत चित्रांचे पत्ते होते. कप, किल्ली, दरवाजा, मांजर. ती एकेक पत्ता सरांसमोर धरायची आणि विचारायची, “काका, हे काय?” आता बघा, ज्या माणसानं जन्मभर ‘चांगुलपण म्हणजे काय’ असं विचारलं, त्याच्यापुढे मांजराचं चित्र! पहिल्या दिवशी सरांनी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं पत्ते बाजूला सारले. त्यानंतर ती आली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

मामा रविवारी आपल्या वेळेला आले. घडीची पँट, तेल लावून विंचरलेले केस, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी चालण्यातली ऐट तशीच. त्या दिवशी थेरपिस्टही आलेली होती. मामांनी खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि बराकीत हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, “हं भाऊजी! बोला! मांजर! म्हणा, मांजर!”

“अहो मामा,” ती मुलगी म्हणाली, “हे काय लावलंय? ते बहिरे नाहीत. आणि विचारलं की थांबायचं. तुम्ही थांबतच नाही. शब्द आतून वर यायला वेळ लागतो त्यांना. तेवढा वेळ गप्प बसता येतं का तुम्हाला?”

मामांना आयुष्यात असं कुणी झापलं नव्हतं, सरांचा अपवाद सोडला तर. ते ओशाळले. काय करावं सुचेना, तेव्हा सवयीनं जे येत होतं तेच त्यांनी केलं. खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाले, “बरं. राहू दे मांजर. मागच्या खेपेला तुम्ही म्हणत होता, भाऊजी, की माणूस खोटं बोलतो तेव्हाही त्याला खऱ्याचीच चाड असते, म्हणून तर तो आपलं खोटं खऱ्यासारखं सजवतो. ज्याला चांगलं कशाशी खातात हेच माहीत नाही तो कशाला सजवत बसेल? म्हणजे वाईट वागणारासुद्धा मनातून चांगल्याला मानतो. हेच ना तुमचं म्हणणं?”

भिंतीकडचं तोंड हळूहळू वळलं. सरांनी मामांकडे बघितलं आणि मान हलवली.

पत्ते बाजूला ठेवून त्या मुलीनं टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. दारात उभ्या असलेल्या ताईनं पदर डोळ्यांना लावला. आणि मामांना तर काय, चेव चढला. त्यांनी स्वतःची बाजू मांडली, मग सरांच्या वतीनं स्वतःलाच खोडून काढलं, मग परत आपल्या वतीनं सरांना. दोन माणसांचं भांडण एकटाच माणूस भांडतोय, आणि पलंगावर पडलेला परीक्षक मान डोलावतोय, असं ते दृश्य होतं. पुढचे कितीतरी रविवार हे असंच चाललं. सर जेवायला लागले, उठून खुर्चीत बसायला लागले. शेजारपाजारचे म्हणायला लागले, मामांनी कमाल केली.

फक्त बोलणं काही येईना.

एका रविवारी थेरपिस्टनं मामांना जिन्यात गाठलं. “मामा, तुम्हाला एक सांगू? राग मानू नका. तुम्ही काकांच्या वतीनं इतकं छान बोलता, की त्यांना बोलायची गरजच उरलेली नाही. मान हलवली की काम भागतं. मी जे करायला जाते ते तुम्ही नकळत बंद करून टाकताय.”

“मग मी काय गप्प बसू?”

“बसा थोडे दिवस. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. आत्ता शब्द सुटले तर सुटले. नंतर फार अवघड होतं. मी खोटी आशा लावणार नाही तुम्हाला.”

मामा घरी गेले आणि दुपारभर नुसते बसून राहिले. आपण ज्याला उपकार समजत होतो तो भलताच उद्योग होता, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण सांगितलेलं काम चोख करायची सवय. पुढच्या रविवारी ते आले, बसले, आणि तोंडाला कुलूप लावून बसले. सर त्यांच्याकडे बघत राहिले. वाट बघून बघून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर सरांनी खुर्चीत बसणं सोडलं. ताट परत जायला लागलं. थेरपिस्ट यायची, पत्ते मांडायची, परत भरायची. दारात चपला घालताना ताईला म्हणाली, “मावशी, मी प्रयत्न करतेच आहे. पण त्यांनाच बोलावंसं वाटलं नाही, तर माझ्या हातात काही नाही.”

ताईनं मामांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. ती रडत नव्हती. ती चिडलेली होती.

“त्यांना जिंकू दे,” ती म्हणाली.

“काय?”

“तो तुमचा मेला वाद. कबूल कर एकदा की तू चुकलास, ते बरोबर होते. एवढी वर्षं त्या एका गोष्टीसाठी झिजले रे ते. ते ऐकून जरा उभारी येईल त्यांना. माणूस हातातून निसटत चाललाय माझ्या, आणि तू तुझं तत्त्वज्ञान कवटाळून बसणार आहेस?”

“अगं पण ताई, मला तसं वाटत नाही…”

“तुला काय वाटतं ते खड्ड्यात गेलं!”

ताईपुढे मामांचं कधीच काही चाललेलं नव्हतं, आत्ताच कुठून चालणार? त्यांनी कबूल केलं. पण सोपं नव्हतं ते. आठवडाभर मामा आरशासमोर उभं राहून घोकत होते. “भाऊजी, मी चुकलो.” कधी आवाज फार मोठा व्हायचा, कधी बोलताना नजर खाली जायची. ज्यानं बेरडातल्या बेरड कैद्यांचे कबुलीजबाब ऐकले, त्याला स्वतःचा एक धड देता येईना.

रविवार उजाडला. सर उशांना टेकून बसलेले. ताई दारात, हातात चहाचा कप. थेरपिस्ट खिडकीशी, पत्ते अजून पिशवीतच. मामांनी खुर्ची ओढली.

“भाऊजी,” ते म्हणाले, “मी आज एक सांगायला आलोय. मी विचार केला. माझं चुकलं. माणूस मुळात चांगलाच असतो. तुम्ही म्हणत होता तेच खरं. मी मान्य करतो. तुम्ही जिंकलात.”

सरांनी मामांकडे बघितलं. बघत राहिले. कपाळावरची शीर तटतटून वर आली. ओठ वाकडे झाले, मिटले, परत उघडले. डावा हात चादरीवर आपटला. ताई घाबरून पुढे झाली, तर थेरपिस्टनं हात आडवा करून तिला थांबवलं.

“खो,” सर म्हणाले. “खो… खोटं!”

सरांच्या ओठाच्या कडेनं लाळ ओघळत होती, डोळे लाल झाले होते, आणि त्या डोळ्यांत असा संताप होता, की तुरुंगात पुंडांना सामोरे गेलेले मामा खुर्चीत मागे सरकले. एवढ्या वर्षांत सरांनी त्यांना हट्टी म्हटलं होतं, आडमुठा म्हटलं होतं, एकदा तर चक्क बैल म्हटलं होतं. खोटा कधी म्हटलं नव्हतं. कारण त्या खुर्चीत बसून मामा आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

“हो,” मामा म्हणाले. “खोटंच. ताईनं बोलायला लावलं.”

“अरे!” ताई म्हणाली.

“लावलं ना तू? मग. आता खरं सांगतो, भाऊजी. ऐका. मला अजूनही वाटतं माणूस मुळात काही खास नाही. दुसऱ्यांचं सोडा, माझंच सांगतो. आंघोळीच्या रांगेत एक जण माझ्या तोंडावर थुंकला होता. मोठा दांडगा, सगळ्यांना सतावणारा. आसपास कुणी नव्हतं. हातात काठी होती, आणि काठी वर गेली होती. त्याला फोडला असता तरी कुणी विचारलं नसतं मला, वर शाबासकी मिळाली असती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? दया नाही आली. कायदा नाही आला. परवा रविवार आहे, हे आलं. भाऊजी विचारतील, काय केलंस या आठवड्यात? मग मी काय सांगू? काठी खाली आली. तोंड पुसलं आणि रांग पुढे सरकवली.”

सर आता ऐकत होते. संताप ओसरला नव्हता, पण कान टवकारलेले.

“असं एकदाच नाही झालं. कितीदा झालं. माझ्या बरोबरीचे कसे होत गेले ते मी बघितलंय. सुरुवातीला माझ्यासारखेच होते सगळे. नंतर त्यांची पोरं त्यांना घाबरायला लागली. माझी पोरगी मला घाबरली नाही, भाऊजी. ती कधीच घाबरली नाही मला. हे कुणामुळे ते मला ठाऊक आहे, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.” मामांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. घडीच्या शर्टाचं वाटोळं झालं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. “पण म्हणून जिंकलो मीच! कळतंय का? पाठीवर नजर असली की माणूस नीट वागतो, हेच मी जन्मभर सांगतोय. माझ्या पाठीवर तुमची नजर होती. मी चांगला नव्हतो, मला धाक होता. घ्या. आता खोडून काढा. मी तुमचं म्हणणं मांडणार नाही. तुमचं तुम्ही बोला.”

आणि मामा थांबले. हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड मिटून. ज्यांना कुणाच्या उत्तराची वाट बघायची कधी सवय नव्हती ते मामा, सरांच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. सरांचे ओठ जुळत होते, सुटत होते. थेरपिस्टनं ताईचा दंड घट्ट धरला होता.

“आ,” सर म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी मामांच्या छातीकडे रोखलं. “आ… लास.” त्यांनी श्वास घेतला. “तू. तू… आलास.”

मामांना आधी कळलंच नाही. आणि मग कळलं.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “मला इथं कुणी बेड्या घालून आणलं नव्हतं. नजर पाठीवर होती, पण ती पाठीवर घ्यायला मी स्वतःच्या पायांनी येत होतो. दर रविवारी. ज्याला वाईटच वागायचं असतं, तो ज्याला जाब द्यावा लागेल त्याच्या दारात कशाला जाईल? जाऊन बसायची ओढ होती, ती कुठल्या कुंपणानं लावली होती? असं म्हणताय तुम्ही.”

सरांनी मान हलवली नाही. ते नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थेरपिस्टही पाठ फिरवून खिडकीबाहेर काहीतरी बघत होती.

मामांनी सवयीनं उत्तर शोधलं. चहासाठी येत होतो, म्हणावं? तुरुंगातला चहा काही वाईट नव्हता. ताईसाठी? ताई सासूच्या आजारपणात वर्षभर परगावी होती, तेव्हाही ते येत होते, आणि दोघं मिळून करपलेलं दूध पीत होते. सुट्टीचा दिवस घालवायला? घालवायला दुसऱ्या शंभर जागा होत्या, आणि त्यांतल्या एकाही जागी कुणी ‘परत मांड’ म्हणून छळलं नसतं. एकेक उत्तर त्यांनी उचललं आणि टाकून दिलं. त्या खुर्चीत बसून खोटं बोलायचं नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “याला उत्तर नाही माझ्याकडे.”

हे मात्र खरं आहे, हे सरांना ऐकताक्षणी कळलं. त्यांनी रोखलेलं बोट खाली घेतलं आणि हात मामांच्या पुढ्यात चादरीवर पालथा ठेवला. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा हात कधी धरला नव्हता, भांडणातून सवडच मिळाली नव्हती.

“भाऊजी,” मामा म्हणाले आणि मग हुंदक्यानं त्यांना नीट बोलताच येईना. अडखळत, एकेक शब्द ओढून काढत, जसे काही तेच आजारी होते, ते म्हणाले, “तुम्ही… मला… माणसात ठेवलंत.”

सर वाट बघत होते. त्यांनी मामांना वाक्य पुरं करू दिलं, मध्ये ताई मदत करायला आली तर तिला नजरेनंच मागे सारलं, आणि ते पुरं झाल्यावर डोळे मिटून मान हलवली.